भीती आईची, शिक्षा लेकीला

बसा सगळे. मोबाईल खिशात ठेवा. आज मार्कांवर बोलायचं नाही. दसरा झाला की मुकादमाची गाडी येईल आणि आपलं निम्मं पाली गाव ऊस तोडायला फडावर जाईल. त्याआधी चार शब्द ऐकून जा. कडू लागले तरी ऐका.

आधी बापांनो, तुम्ही. बायकोला चारचौघांत 'भित्री' म्हणता. पोरीला शाळेतून यायला थोडा उशीर झाला की ती अनवाणी रस्त्यावर येते, रात्री कुत्रं भुंकलं की उठून दाराची कडी चाचपते, पोरीच्या अंगावरून हात फिरवते. तुम्ही तिची नक्कल करून हसता. लाज वाटू द्या! ती कडी का चाचपते, एकदा तरी विचारलंत? तिचं बालपण फडावरच्या कोपीत गेलं. वर पाचट, दाराच्या जागी जुनं लुगडं. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेले की सात-आठ वर्षांची ही पोर तान्ह्या भावाला कडेवर घेऊन एकटी. कडी नव्हतीच त्या कोपीला! लुगडं सारून कोण आत आलं, हे कितीतरी जणींनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कारण सांगितलं असतं तर दोष त्यांच्याच माथी आला असता, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तिच्या भीतीला नाटक म्हणू नका. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, अत्याचार, आईला होणारा मार असे प्रकार ज्यांनी लहानपणी जितके जास्त सोसले, तितकं पुढं त्यांच्यात नैराश्य आणि हृदयविकारासारख्या आजारांचं प्रमाण जास्त दिसलं. लहानपणी सतत सावध राहिलेलं शरीर मोठेपणीही अनेकदा सावधच राहतं. झोप उडते, छाती धडधडते, डोकं ठणकतं. आणि आई झाल्यावर तीच धास्ती लेकराकडं वळते. स्वतःसाठी जी कधी रडली नाही, ती लेकीसाठी रात्रभर जागते.

आता आयांनो, तुम्ही. तुमची भीती खरी आहे. तुम्ही शोधलेलं औषध मात्र खोटं आहे. 'पोरीला फडावर न्यायची भीती, मागं ठेवायची भीती, मग उजवून टाकलेली बरी' असं तुम्हीच मला सांगता. अगं, तुम्हालाही असंच उजवलं होतं ना? मग गेली का भीती? लग्नानं पोर सुखरूप होत नाही, फक्त तुमच्या नजरेआड होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आणि फडावर गेलेल्या बायकांचं पुढं काय होतं, तेही ऐका. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तुमच्या लेकीला याच वाटेला लावायचं आहे?

आणि घरातल्या थोरल्यांनो, माना खाली घालू नका. आईच्या भीतीआड तुमचा हिशेब आहे. पोराचं लग्न झालं की जोडी होते, जोडी म्हणजे एक कोयता, कोयत्यावर मुकादमाची आगाऊ उचल. एरवी जिच्या भीतीला हसता, लग्न ठरवताना तिचीच भीती पुढं करता! बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यंदा पत्रिका माझ्याकडं आणू नका. ती घेऊन मी ग्रामसेवकाकडं जाईन.

'झालं ते झालं, आता काय होणार,' असं कुणी म्हणू नका. याच पालीच्या शिवारात दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्यानं 'इन्फंट इंडिया' उभी केली. नातलगांनी दूर लोटलेली एचआयव्हीग्रस्त लेकरं तिथं राहतात, शिकतात. परक्यांच्या पोरांना जीव लावणारी माणसं तुमच्या गावात आहेत, आणि तुम्हाला घरच्या बाईचं ऐकून घ्यायला सवड नाही?

तेव्हा आता ऐका आणि करा. पोरींना हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ ठेवा, आणि फडावरून रोज फोन करा. तिला नको तिथं हात लावणाऱ्याचं नाव ती घरी बेधडक सांगू शकली पाहिजे. नात्यातला असला तरी! लेकरांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे. जिच्या छातीत धडधडतं, जिला झोप नाही, तिनं मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या हेल्पलाईनला फोन लावावा, पैसे पडत नाहीत. बापांनो, तो फोन तुम्ही लावून द्या आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

गाडी निघेल त्या दिवशी मी हजेरी घेणार आहे. सातवी ते दहावीची एकही पोर गैरहजर दिसली, तर तुमच्या फडावर येऊन विचारीन.