रात्रपाळीचा हिशेब

वृद्धाश्रमांचा आणि शुश्रूषा केंद्रांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मतं हमखास पुढे येतात. पहिलं असं की सेवेचं मोजमाप करायला निघणं हाच सेवेचा अपमान आहे. जे मनापासून चाललं आहे त्याच्या दारात तपासनीस उभा करू नका. दुसरं असं की हॉटेलांसारखे या केंद्रांनाही तारे द्या, म्हणजे लोक आपोआप चांगलं ते निवडतील. पहिलं मत वर्धापनदिनाच्या व्यासपीठांवरून ऐकू येतं, दुसरं परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडून. माझं भांडण दोन्ही मतांशी आहे, पण पहिल्याशी जास्त. त्याला समाजात टाळ्या मिळतात आणि त्या टाळ्यांची किंमत अंथरुणाला खिळलेला माणूस मोजतो.

मी नाशिकचा. ‘नटसम्राट’ लिहिणारे शिरवाडकर याच गावचे. ते नाटक 1970 साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून म्हातारपणाबद्दल आपण एकच प्रश्न विचारत आलो आहोत: मुलांनी आईबापांना घराबाहेर का काढलं? प्रश्न खोटा नाही, पण आता तो अपुरा पडतो. गंगापूर रोडवरच्या किंवा इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ऐंशीच्या घरातल्या आजोबांना पक्षाघात होतो. दवाखाना तीन आठवड्यांनी डिस्चार्ज देतो. नाकात राइल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर, एक बाजू लुळी. घरात पंच्याहत्तरीची आजी, मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. इथे कोणी कोणाला हाकललेलं नाही. उचलायला हात नाहीत, एवढंच. मग पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव अशा बाजूला भाड्याच्या बंगल्यात चालणारं एखादं ‘केअर सेंटर’ शोधलं जातं. त्या दारातून आत गेल्यावर आजोबांचं काय होतं, हा पुढचा प्रश्न. तो विचारणं आपल्याला कृतघ्नपणाचं वाटतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण इथे सांगण्यासारखं फार नाही. आपल्याकडचा नर्सिंग होम नोंदणी कायदा 1949 चा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना दाखल करून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा त्याच्या व्याख्येत बसते. महाराष्ट्राने 2021 मध्ये त्याचे नियम बदलले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. प्रसूतिगृहाला आणि अस्थिरोगाच्या दवाखान्याला हे सगळं लागू होतं. नळीने जेवणारे दहाजण एका बंगल्यात ठेवणारं केंद्र मात्र अनेकदा धर्मादाय नोंदणीवर किंवा दुकानाच्या परवान्यावर चालतं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रमाची भाषा करतं, पण सक्ती करत नाही. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि सतराव्या लोकसभेबरोबर बारगळलं.

आता ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो त्या माणसाकडे येतो. अवेदिस डोनाबेडियन. जन्म 1919, बैरूतचा. आर्मेनियन निर्वासित घरातला, वडील डॉक्टर. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवलं. 1966 साली त्याने वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासावा यावर एक लांब लेख लिहिला आणि तीन खिडक्या उघडून दिल्या: रचना, प्रक्रिया, परिणाम. म्हणजे काय आहे, काय केलं जातं आणि त्यातून माणसाचं काय झालं. आज कुठल्याही देशातलं मूल्यांकन उघडा, हेच तीन खण सापडतील. पण खण पाठ करणाऱ्यांनी त्याचा इशारा सोडून दिला. तो इशारा असा, की एका खिडकीतून दिसलेलं दुसऱ्या खिडकीतून ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

2000 साली हा माणूस कर्करोगाने गेला. शेवटच्या आजारपणात त्याने स्वतः रुग्ण होऊन तुकड्यातुकड्यांत विभागलेली सेवा अनुभवली आणि एका मुलाखतीत सांगितलं की दर्जाचं रहस्य अखेर प्रेमात आहे. सेवेच्या व्यासपीठांना हे वाक्य फार आवडतं. आयुष्यभर मोजमाप शिकवणाराच शेवटी प्रेमाशी आला, मग आम्हाला मोजता कशाला, असा त्यांचा सूर असतो. पण त्याचं म्हणणं तिथे संपत नव्हतं. प्रेम असेल तर मग मागे येऊन व्यवस्थेवर नजर ठेवता येते, ती सुधारता येते, असं त्याने पुढे लगेच जोडलं होतं. मरणाच्या दारातला माणूस प्रेमाचं नाव घेऊन तपासणीकडे परत येतो. आपण त्याचं अर्धं म्हणणं उचलून तपासणी टाळतो. माझा राग या अर्धेपणावर आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची पाठ उघडून बघावीच लागते.

पाठ म्हणतो ते शब्दशः. पडून असलेल्या माणसाचं वजन माकडहाडावर, टाचांवर, नितंबांच्या कडांवर येतं. तिथला रक्तपुरवठा दबतो. आधी लालसर डाग येतो, बोटाने दाबला तरी पांढुरका होत नाही. त्या दिवशी कूस बदलली, तर तो जातो. दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं की कातडी फाटते, आणि मग हाडापर्यंत जाणारा बेडसोर व्हायला वेळ लागत नाही. आजोबा बोलू शकत नाहीत, पण त्यांची पाठ साक्ष देते. तसंच दर महिन्याचं वजन. तसंच मनगटावरचा पट्टी बांधल्याचा वळ. म्हणून खूप काळ माझं मत असं होतं, की फरशी, एअर बेड, कॅमेरे, बाग हे सगळं बाजूला ठेवावं आणि फक्त परिणाम पाहावा.

पण परिणामही गप्प करता येतो. जखम चिघळली की रुग्णाला सिव्हिलला किंवा खासगी दवाखान्यात पाठवायचं. मृत्यू तिकडच्या वहीत लागतो. फार कठीण रुग्ण घ्यायचेच नाहीत, की आकडे सुंदर दिसतात. उलट जे केंद्र दुसरीकडून नाकारलेले, आधीच जखमा घेऊन आलेले म्हातारे स्वीकारतं, ते कागदावर सगळ्यात वाईट ठरतं.

मग प्रक्रिया पाहू. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद भिंतीवर टांगलेली असते, खाली सही असते. तक्ता भरलेला पाहून नातेवाइकांचं समाधान होतं. इथे साधा गुणाकार करून पाहावा. पूर्ण परावलंबी बारा रुग्ण आणि रात्री आठ ते सकाळी आठ एकच मावशी, असं धरू. बारा तासांत प्रत्येकाची सहा वेळा कूस बदलायची म्हणजे 72 वेळा. प्रत्येक वेळी डायपर पाहणं, पुसणं, उशी लावणं धरून दहा मिनिटं. 720 मिनिटं, म्हणजे बरोबर बारा तास. पाणी पिणं नाही, बसणं नाही, कोणी घाबरून हाक मारली तर जाणं नाही. शिवाय भारी देहाच्या माणसाला एकटीने वळवताच येत नाही. म्हणजे अशा जागी पूर्ण भरलेला तक्ता खोटाच असणार. तो भरणारी मावशी लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. नाशिकमध्ये यातल्या कित्येक जणी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, ब्युरोमार्फत लागलेल्या, महिन्याला मोजक्या सुट्ट्या घेणाऱ्या बायका असतात. अशक्य काम सोपवून सही मागणारा या खोटेपणाचा मालक आहे.

आणि म्हणून मला पहिल्या खिडकीकडे, रचनेकडे, परत यावं लागलं. नाशिककराला खरं तर हे आधीच उमगायला हवं होतं. 21 एप्रिल 2021 रोजी कथड्याच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात, महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयात, प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान 22 रुग्ण गेले. त्या वॉर्डांतल्या परिचारिकांच्या सेवाभावात त्या दुपारी काही कमी नव्हतं. नातेवाईक आणि कर्मचारी सिलिंडर ओढत होते, छातीवर दाब देत होते. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. टाकी, झडप, देखभालीचा करार, पर्यायी पुरवठा या कंटाळवाण्या गोष्टींवर माणसं जगतात-मरतात, हे आपण रडत शिकलो. त्याआधी जानेवारीत भंडाऱ्याच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळं गेली होती. सेवेला मोजू नका म्हणणाऱ्याने या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून बोलावं.

तर मग तारे का नकोत? अमेरिकेने 1987 च्या कायद्याने आगाऊ सूचना न देता तपासणी आणली, बांधून ठेवणं आणि औषधाने गुंगवून ठेवणं यांवर बंधन घातलं. बांधलेल्या वृद्धांचं प्रमाण पुढे खरोखर उतरलं. कायद्याने सेवा सुधारते याचा इतका ठळक पुरावा क्वचित मिळतो. मग 2008 मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आली. त्यातली कर्मचारीसंख्या केंद्रं स्वतःच कळवत. तपासणीतले तारे कमी, स्वतः कळवलेल्या बाबींतले तारे जास्त, असं चित्र दिसू लागलं. शेवटी 2016 पासून पगारपत्रकावर आधारलेली आकडेवारी मागण्यात आली. नाशिकने ताऱ्यांपासून सुरुवात न करता थेट याच टोकापासून करावी: आधी पगारपत्रक.

ताऱ्यांबद्दल माझी खरी हरकत वेगळी आहे. आपल्याकडे तारा देतो कोण? पैसे भरणारा. पैसे भरणारा मुलगा व्हॉट्सअॅपवर आलेला गणपतीच्या आरतीचा फोटो पाहतो, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो, बिल वेळेवर आलं आणि फोन उचलला गेला की चांगलं मत देतो. त्याचं समाधान खोटं नाही, पण ते त्याला मिळालेल्या सेवेबद्दल आहे. आजोबांना मिळालेल्या सेवेबद्दल बोलणारं कोणी त्या मोजणीत नाही. दुपारी चार ते सहाच्या भेटीच्या वेळेत स्वच्छ चादर दिसते. रात्री अडीच वाजता ती कशी असते हे भेटीच्या वेळेबाहेर येणाऱ्यालाच कळेल. भेटीची वेळ काटेकोरपणे बंद ठेवणाऱ्या केंद्राला माझ्या हिशेबी आधीच एक प्रश्न विचारला गेला पाहिजे.

यावर केंद्रचालक सांगतात, इतके नियम लावाल तर लहान केंद्रं बंद पडतील आणि म्हातारे रस्त्यावर येतील. ही भीती खरी आहे, तिला हसून उडवता येणार नाही. रात्री दोन जणी ठेवल्या की खर्च वाढणार, तो कुटुंबावर येणार, आणि निम्न मध्यमवर्गीय घराला तो झेपणार नाही. पण आज तो खर्च कोणीतरी भरतोच आहे. काही मावशी आपल्या कंबरेने भरते, उरलेला आजोबा आपल्या पाठीने. त्यात सरकारने वाटा उचलावा, अशी मागणी करायला आपण लाजतो, कारण म्हाताऱ्यांचं ओझं घराचं, हे आपण गृहीत धरलं आहे. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले दहा टक्क्यांच्या जवळ होते. हा बोजा घराघरांत वाटून संपणारा नाही.

नाशिकला हे करून दाखवायची सोय आहे. 1998 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, परिचर्या महाविद्यालयं आहेत, नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे आहे. महापालिकेने नळी किंवा कॅथेटर असलेले रुग्ण ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंद 1949 च्या कायद्याखाली सुरू करावी. परिचर्येचे शिक्षक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांच्या जोड्यांनी वर्षातून दोनदा, न सांगता, रात्री जावं. चार गोष्टी बघाव्यात: त्या क्षणी हजर असलेले हात आणि पगारपत्रकातली नावं, प्रत्येकाचं मागच्या तीन महिन्यांचं वजन, पाठ आणि टाचा, आणि झोपेच्या गोळ्या कोणी, कधी, कशासाठी लिहून दिल्या. दाखल होताना असलेली जखम वेगळी नोंदवावी, म्हणजे कठीण रुग्ण घेणाऱ्या केंद्राला त्याची शिक्षा होणार नाही. निकाल मराठीत, दरपत्रकाच्या शेजारी, दारावर लागावा. कमी पडणाऱ्या केंद्राला पहिल्या वर्षी दंड न करता माणसं आणि प्रशिक्षण द्यावं. दुसऱ्या वर्षीही कमी पडलं तर नवे रुग्ण घेणं थांबवावं. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, घाटांसाठी आणि रस्त्यांसाठी पैसा येतो आहे. बंगल्याबंगल्यांतल्या या खाटांची साधी यादी करायला त्यातला अगदी थोडा पुरेल, आणि ती यादी आयुक्तांच्या सहीने या वर्षीच सुरू होऊ शकते.