दगडावर काय कोरायचं?

मेलेल्याला दगड नको असतो. दगड लागतो मागं राहिलेल्यांना. इथं माणूस पुरलाय, त्याला नाव होतं, त्याच्यावर पाय देऊ नका, एवढं सांगायला. मग ज्याच्यावर जिवंतपणीच पाय दिला त्याच्या कबरीवर दगड कोण बसवणार? गावातल्या मयताची खबर घेऊन गावोगाव पळायचा महार. चितेचं सरपण वाहायचा महार. तो मेला की वेगळी मसणवट, वर चार धोंडे अन् बाभळीच्या काट्या, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. दोन पावसाळ्यांत जमीन सपाट.

पण दोस्तांनो, दगड मिळाला म्हणजे न्याय झाला असंही नाही. पंढरपूरची चोखोबाची समाधी बघा. परंपरा सांगते, १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत तिच्याखाली मेला. नामदेवांनी हाडं आणून महाद्वारासमोर पुरली. समोर, बरं का. आत नाही. जिथं जिवंतपणी अडवला तिथंच मेल्यावर पक्का बसवला. त्याच्या जातभाईंना ते दार उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. सहाशे वर्षं तो दगड काय सांगत होता? भक्ताचा मान? की महारानं कुठवर यायचं त्याची खूण? दोन्ही, अन् पहिल्याच्या आड दुसरं खपून गेलं. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ही कथा पोरासोरांना पाठ. भिंतीखाली आणखी कोण गाडलं गेलं, ते कुणी विचारत नाही. समाधीनं संत राखला, मजूर गिळला.

कोरेगावचा स्तंभ ही काही कबर नव्हे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तो स्वतःच्या विजयासाठी उभारला. आपल्या प्रेमापोटी नक्कीच नाही. तरी त्यावर ‘नाक’ शेवटी असलेली नावं आहेत, म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. नाव असलं की शंभर वर्षांनीही कुणीतरी शोधत येतो. नाव अन् सोबत कारण.

आपण ‘कैलासवासी’ टाकून ‘कालकथित’ लिहू लागलो, हे बरंच झालं. पण गटारात उतरलेल्या, विषारी वायूनं गुदमरून मेलेल्या भावाच्या दगडावर नुसतं ‘कालकथित’ कोरलं, तर मारलं कुणी? काळानं? त्याला दोरीशिवाय, मुखवट्याशिवाय खाली कुणी उतरवलं? स्मारकाची वर्गणी गोळा करायला निघालात, तर आधी मजकूर ठरवा. फुलांची नक्षी नसली तरी चालेल, तेवढ्या जागेत ठेकेदाराचं नाव बसतं.