उणे १९६ अंशांतला प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला द्रव नायट्रोजन नवा नाही. गाय माजावर आली की जनावरांच्या दवाखान्यातल्या कंटेनरमधून रेतमात्रा निघते. आता तर गोऱ्हा नको, कालवडच व्हावी म्हणून लिंगवर्गीकृत रेतमात्राही मिळते आणि सरकार तिला अनुदान देतं. मोठ्या शहरांतल्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये त्याच उणे १९६ अंशांत माणसांची भ्रूणं ठेवलेली असतात. पहिल्याच खेपेला दिवस राहिले, तर बाकीची तिथंच उरतात. त्यांना काय मानायचं?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४मध्ये सांगून टाकलं, की ती मुलंच. मोबाइल शहरात एका रुग्णानं साठवणीच्या खोलीत शिरून भ्रूणं उचलली, ती हातातून पडून नष्ट झाली. न्यायालयानं त्यांना अज्ञान मुलांच्या मृत्यूबाबतचा १८७२चा कायदा लावला. काही केंद्रांनी घाबरून उपचारच थांबवले आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना संरक्षण देणारा नवा कायदा करावा लागला.

मला तो निवाडा पटत नाही. आपल्याकडे ओटी भरतात ती सातव्या महिन्यात, नाव ठेवतात बाराव्या दिवशी, आणि दात न आलेलं बाळ गेलं तर त्याला अग्नी न देता पुरतात. माणूसपण एका क्षणात अंगावर येतं, असं आपल्या आज्यांनी कधी मानलं नाही. या उपचारांबाबतचा आपला २०२१चा कायदाही भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवू देतो. पुढं ते नष्ट होऊ द्यायचं, नाहीतर जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचं.

पण इथंच बुलढाणा आडवा येतो. ‘अजून कुठं काय आहे, नुसता गोळा तर आहे’ हे वाक्य मुलीचा गर्भ पाडणाऱ्यांना फार सोयीचं आहे. जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१मध्ये ९०८ मुली होत्या. २०११च्या जनगणनेत ८५५ उरल्या. जिजाऊंचं सिंदखेडराजा याच जिल्ह्यातलं. दर १२ जानेवारीला तिथं गर्दी लोटते, ते वेगळं.

प्रयोगशाळेत तर ही सोय आणखी वाढते. भ्रूण पोटात जाण्याआधीच निवडलं, की गर्भपाताचा प्रश्नच उरत नाही. दोन मुली असलेल्या एका जोडप्यानं गर्भधारणेआधीच मुलगा निवडण्याची मुभा मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयानं २००७मध्ये ती नाकारली, आणि ते योग्यच झालं. लिंगनिवडीवरची बंदी मोडली म्हणून त्या चार-आठ पेशींचा खून झाला, असं मी म्हणणार नाही. पण भ्रूण बोलत नसलं तरी ते बाजूला काढणाऱ्याजवळ कारण असतं, आणि त्या कारणाचा जाब विचारता येतो. खर्च झेपत नाही, वय झालं, आता मूल नको, ही कारणं मला समजतात. मुलगी आहे, हे कारण गोठ्यातल्या हिशेबाचं आहे. तिथं फक्त पारडं उलटं असतं.

कापूस-सोयाबीनच्या पैशावर उपचार घेणाऱ्या जोडप्यापुढं हे सगळं येतं ते एका संमतीपत्राच्या रूपात. घाईत, भूल देण्याआधी, दाखवलेल्या जागी सही होते. तुमच्या घरातलं कुणी या उपचाराला निघालं असेल, तर तो कागद मराठीत समजावून मागा. उरलेल्या भ्रूणांचं काय, दरवर्षी पैसे किती, दोघांपैकी एक गेलं किंवा फारकत झाली तर हक्क कुणाचा, हे सहीआधी नवरा-बायकोनं घरी बसून ठरवावं. सासूबाईंना विचारून नव्हे.