दामाजींनी आधी विचारलं नव्हतं



आजचं चिंतन तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीच्या दहाव्या अनुवाकावर. मागचे तीन दिवस आपण अन्नाची व्रतं बघतोय. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न भरपूर पिकवावं. आजचं व्रत मला सगळ्यात जड गेलं: आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये. मिळेल त्या मार्गाने भरपूर अन्न जमवावं, ते यासाठीच.

पण माझं दार कुठपर्यंत?

रविवारी सत्संगात मी २०२४ च्या दुष्काळाचा विषय काढला. एल निनोमुळे पाऊस गेला, झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. आपल्याकडे भाकरी तसा तिथे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तोच रोजचा जेवणाचा आधार, आणि मकाच शेतात वाळला. त्या सप्टेंबरात भारताने झांबियाला १३०० टन मका आणि बाकी दोघांना प्रत्येकी १००० टन तांदूळ पाठवला. हे सांगताना मला जरा अभिमान वाटत होता. तेवढ्यात एक दादा म्हणाले, "अरे, आपल्या यवतमाळात शेतकरी मरून राहिला, अन् तू आफ्रिकेचं काय घेऊन बसला?"

प्रश्न रास्त आहे. मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती मूळची बीडकडची, १९७२ चा दुष्काळ तिने खडी फोडत काढला. (मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी आली.) आजी म्हणाली, "बाळा, मिलो खाल्ली आम्ही. लाल ज्वारी, अमेरिकेतून बोटीनं यायची. भाकरी थापायला गेलं की तुटायची. लोक नावं ठेवायचे, पण खायचे. कामावर पोरांना सुकडी मिळायची. तिकडचा कोण माणूस आपल्यासाठी पिकवतोय, हे कुणाच्या मनात पण आलं नाही."

मग दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि आपल्याला आवडतो तो शेवट: विठ्ठल विठू महार होऊन बिदरला जातो, बादशहापुढे मोहरांची थैली ओततो, पावती घेतो. माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या आधीच घडून गेलेली असते. कोठार बादशहाचं होतं, दामाजी फक्त अधिकारी. आमच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅक्सेस होता, अप्रूव्हल नव्हतं. ऑफिसात असं कोणी केलं तर मीच ओरडेन! पण दारात उपाशी माणसं उभी होती. कुलूप काढताना विठ्ठल पैसे भरणार आहे हे दामाजींना माहीत नव्हतं. शिक्षा होणार, एवढंच माहीत होतं. आणि आलेल्यातला कोण आपल्या गावचा, कोण परगावचा, हे त्यांनी विचारल्याचं मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही.

दादांचा प्रश्न घेऊन मी पुन्हा बसलो. यवतमाळ की झांबिया? बँकेचं अ‍ॅप उघडलं, वर्षभराचे व्यवहार चाळले. यवतमाळला शून्य. झांबियाला शून्य. भंडाऱ्याची वर्गणी ५०१, तीही आईने आठवण केल्यावर. मी ज्या दोन दारांवरून वाद घालत होतो, ती दोन्ही बंदच होती.

जागतिक अन्न कार्यक्रम ही संयुक्त राष्ट्रांची संस्था, २०२० चं शांततेचं नोबेल मिळालेली, ऐच्छिक देणग्यांवरच चालते. तिथे एक रक्कम लावली, दर महिन्याच्या १ तारखेला. मग दादांना फोन केला, म्हटलं, यवतमाळात कोणाला द्यायचं ते तुम्ही सांगा, तेवढेच तिकडेही देतो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थांब, मी पण बघतो. मलाही विचारावंच लागेल कोणाला तरी."

उद्या याच अनुवाकाच्या शेवटचं सामगान घेऊ.

राम कृष्ण हरी.