आधी पेशंट कसा आहे?

1939 साली परचुरे शास्त्री गांधीजींच्या सेगावच्या, म्हणजे पुढच्या सेवाग्रामच्या, आश्रमात आले. संस्कृतचे पंडित, पण अंगावर महारोग. त्या काळी या रोगाच्या नुसत्या नावाने घरचे लोकही दूर होत. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि रोज स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. सेवेचा हुकूमही सोडता आला असता, पण हुकमाने भीती जात नाही. पुढचा माणूस स्वतः हात लावतो, तेव्हा मागच्यांचे हात मोकळे होतात.

त्याच सेवाग्रामात पुढे कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं. तिथे काय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या रुग्णालयात काय, परिचारिका तिन्ही पाळ्यांत राबतात. वॉर्ड कसा चालतो, हे बरंचसं इन्चार्ज सिस्टरवर असतं.

सकाळच्या पाळीला ओव्हर देताना एखादी नवी सिस्टर म्हणते, "पाच नंबरचं दोनचं इंजेक्शन माझ्याकडून चारला गेलं." यावर सगळ्यांदेखत "लक्ष कुठं होतं तुझं?" असं ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी चार्टवर मुकाट्याने दोनच लिहिलं जाईल. चूक राहीलच, फक्त दिसणार नाही, आणि तिची किंमत खाटेवरचा माणूस मोजेल. दुसरी इन्चार्ज आधी पेशंट पाहते, डॉक्टरांना कळवते आणि मग विचारते, "रात्री किती पेशंट होते गं तुझ्याकडे?" या प्रश्नाने चुकीचं मूळ सापडतं.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांना 1990च्या दशकात असंच आढळलं. ज्या वॉर्डांत प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येई, तिथे चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या.

करडेपणालाही जागा आहे. पेशंटचं हृदय थांबलं, की चर्चा नको, एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं. मात्र तो शब्द झेलला जातो, तो एरवीच्या दिवसांत कमावलेल्या विश्वासावर.

हाताखालच्या माणसाची चूक आज कानावर आली, तर पहिला प्रश्न पेशंटबद्दल विचारू या, दुसरा त्या माणसावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल. बोलायचंच असेल तर त्यानंतर बोलू, आणि तेही चारचौघांत नाही.