चाकांवरचे घर आणि विक्रेत्याचे मौन

जुनी वस्तू विकणाऱ्याने तिचा दोष आपण होऊन सांगावा, की घेणाऱ्याने तो शोधून काढावा, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. भांडे, कपाट, शिवणयंत्र अशा वस्तूंच्या बाबतीत तो आपण फारसा मनावर घेत नाही. फसलो तर चार दिवस चुटपुट लागते आणि मग विसर पडतो. परंतु विकली जाणारी वस्तू जेव्हा एखाद्या कुटुंबाचे निवासस्थान असते, आणि ते निवासस्थान चाकांवर बसवून घाटरस्त्यांनी न्यायचे असते, तेव्हा त्याच प्रश्नाला निराळे वजन येते. अशाच एका खरेदीच्या निमित्ताने सुचलेला विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, विंध्याच्या दक्षिणेस आणि नर्मदेच्या उत्तर तटाकडे, सतवास नावाचे लहानसे शहर आहे. धार व देवास येथे पवारांची आणि इंदूरला होळकरांची राज्ये झाली, तेव्हापासून या मुलखात मराठी घरे आहेत. देवासला तर थोरली व धाकटी अशा दोन पात्या एकाच नगरीत नांदत असत. गोमंतकाचेही माळव्याशी जुने नाते आहे. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या सेनापतिपदापर्यंत चढले, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. नोकरीचाकरीच्या निमित्ताने सतवासास येऊन राहिलेले असेच एखादे तरुण कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू. पतिपत्नी, दोन लहान मुले आणि घरात वृद्ध आई. आईच्या मनात नर्मदेची परिक्रमा घालावी असे फार दिवसांपासून आहे. पायी परिक्रमेचा परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा. तो तिच्या गुडघ्यांस झेपणारा नाही. वाहनाने मात्र, नदी सदैव उजव्या हातास ठेवून, हीच प्रदक्षिणा दोन-तीन आठवड्यांत पुरी करता येते. पुढे मुलांना कुलदेवतेच्या पायांवर घालण्यासाठी गोव्यास जायचे आहे, आणि तो पल्ला हजारांहून अधिक किलोमीटरांचा आहे. वाटेत धर्मशाळा मिळेल न मिळेल, धाकट्याला दूध, आईला वेळेवर औषध, रात्री कोरडे अंथरूण ही काळजी. म्हणून या दांपत्याने निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, जिला कॅरॅव्हॅन म्हणतात, घेण्याचे मनात आणले आहे. नवी परवडणारी नाही. तेव्हा कोणीतरी वापरलेली पाहावयाची.

हा विलास आहे असे कोणी म्हणेल. परिक्रमेत संग्रह टाकून जायचे असते, तेथे घरच बरोबर कसे घेता, असेही कोणी विचारील. त्या वादात आम्ही शिरत नाही. महाराष्ट्र व केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, त्याअर्थी हे वाहन आता आपल्याकडे अगदीच परके राहिलेले नाही. आणि म्हातारी आई व तान्ही मुले बरोबर असताना सोय पाहणे हा काही अधर्म नव्हे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

चालते घर आपल्या लोकांस नवे नाही. माळवा व राजस्थानच्या रस्त्यांच्या कडेला पालांशेजारी उभ्या असलेल्या गाडिया लोहारांच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस हे सांगावयास नको. पिढ्यानुपिढ्या गाडी हेच त्यांचे घर. परंतु त्यांच्यात आणि सतवासच्या या कुटुंबात एक मोठा भेद आहे. लोहाराला आपल्या गाडीचा प्रत्येक सांधा ठाऊक असतो, कारण तिची धाव आणि तिचे खिळे त्याच्याच ऐरणीवर घडलेले असतात. वापरलेली कॅरॅव्हॅन घेणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या शब्दावर निजावे लागते.

असे वाहन घेताना मनुष्य एका व्यवहारात तीन वस्तू विकत घेत असतो. पहिली म्हणजे यंत्र आणि चासी. दुसरी, तिच्यावर चढविलेले सुतारकाम, नळकाम व वीजकाम. आणि तिसरी, कागदपत्रे. तिहींतही डोळ्यांस न दिसणारे दोष दडून राहू शकतात. आपल्याकडील अशा गाड्यांपैकी पुष्कळ मुळात प्रवासी अथवा मालवाहू वाहने असून मागाहून कारखान्यात त्यांचे घर केलेले असते. छताच्या सांध्यातून दोन पावसाळे पाणी झिरपले, तर आतले प्लायवूड फुगते व कुजते. वरून रंगाचा एक हात दिला की काही दिसत नाही, केवळ बंद कोपऱ्यातला कुबट वास तेवढा उरतो. गाडी वर्षानुवर्षे एका जागी उभी राहिली असेल, तर टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून वठलेले असते. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात, हे पुष्कळांस माहीत नसते. कपाटे, पाण्याची टाकी, पलंग यांचे ओझे पाट्यांवर व ब्रेकांवर पडते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, विंध्याचा घाट उतरताना जाणवते. गॅसच्या नळीची चीर तर रात्री, मुले निजल्यावर, आपले अस्तित्व दाखविते. कागदांचेही तसेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत केलेला बदल परवानगीने व्हावयास हवा आणि नोंदणीपुस्तकात उतरावयास हवा. तो उतरलेला नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दारात घेणाऱ्याचीच पंचाईत होते.

आता शास्त्रकार काय म्हणतात ते पाहू. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी मुदती घालून दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच, रत्नांस सात आणि बियाण्यास दहा. त्याच यादीत दास-दासींचीही मुदत आहे, आणि ती वाचताना आजच्या वाचकाची मान खाली जावी हेच योग्य. पण वस्तूंपुरते पाहिले, तर या मुदतींमागचा विचार सूक्ष्म आहे. ज्या वस्तूचा दोष जितक्या उशिराने प्रकट होतो, तितकी तिला मुदत अधिक. लोखंड एका दिवसात कळते. बैल कळण्यास पाच दिवस लागतात, कारण तो जुंपून, चालवून, बसवून पाहावा लागतो. मनूने तर खरेदी वा विक्री केल्यावर ज्यास पश्चात्ताप होईल त्याला दहा दिवसांत वस्तू परत देण्याघेण्याची मोकळीक ठेविली आहे. सौदा म्हणजे एका क्षणात पडलेला फासा नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

इंग्रजी अमलात झालेला आणि आजही चालू असलेला १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत कठोर दिसतो. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. तेथे दिलेली उदाहरणे मात्र प्रत्येक गृहस्थाने एकदा समजून घ्यावीत अशी आहेत. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. आता घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी आहे असे धरा. येथे नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे: घेणारा स्पष्ट म्हणतो, ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन.’ यावर विकणारा गप्प बसला, तर ते मौन शब्दाच्या बरोबरीचे होते.

घोडा म्हणजे त्या काळचे वाहनच. या दुसऱ्या उदाहरणापाशी आम्हांस थांबावेसे वाटते. मुलीलाच का सांगावयाचे? केवळ रक्ताचे नाते म्हणून, असे आम्हांस वाटत नाही. बाप जाणतो आणि मुलगी जाणत नाही. शिवाय ती त्याच्यावर विसंबून आहे. कर्तव्य उत्पन्न होते ते या दोन गोष्टींतून. मग हाच न्याय सतवासहून आलेल्या त्या अनोळखी दांपत्यास का लागू नये? प्लायवूडच्या मागे कुजलेला सांधा विकणारा जाणतो, घेणारा जाणू शकत नाही. आणि त्या छताखाली निजणारी मुले, त्यांस कळो वा न कळो, विकणाऱ्याच्याच शब्दावर विसंबून आहेत. कायद्याने कर्तव्याची रेघ मुलीपाशी ओढली, कारण न्यायालयाला कोठेतरी रेघ ओढावी लागते. धर्माला ती पुढे न्यावी लागते. ज्याला दिसत नाही आणि ज्याचा जीव आपल्या ज्ञानावर अवलंबून आहे, तो त्या व्यवहारापुरता आपल्या मुलीच्या जागी आहे, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. विकणारा नेहमी श्रीमंत वा लबाड असतो असे नाही. कोणाच्या डोक्यावर कर्ज असते, कोणाच्या घरी आजारपण असते. त्याने दोष सांगितला तर गाडी मातीमोल होते, आणि शेजारचा न सांगणारा आपली गाडी चढ्या भावाने विकून जातो. मग सत्याचा दंड एकट्या प्रामाणिकानेच का भरावा?

या आक्षेपाचे खरे उत्तर घेणाऱ्याच्या वर्तनात आहे, आणि या विषयाची ही बाजू आपल्याकडे कोणी फारशी बोलत नाही. विकणारा मोकळेपणी म्हणतो, ‘छत एका कोपऱ्यात गळते, दुरुस्तीस दहा हजार लागतील.’ ते ऐकताच घेणारा मनात हरखतो आणि चाळीस हजारांनी भाव पाडून मागतो. दोष सांगणाऱ्याचा शब्द त्याच्याच गळ्याला फास होतो. असे एकदा झाले की तो मनुष्य पुन्हा कधी दोष सांगत नाही; त्याचे ऐकून त्याचा शेजारीही सांगत नाही. बाजारातले मौन केवळ विकणाऱ्यांच्या लोभातून वाढत नाही; घेणाऱ्यांच्या घासाघिशीनेही त्याला खतपाणी घातलेले असते. ज्याला सत्य हवे आहे, त्याने सत्याची रास्त किंमत देण्याची तयारी ठेविली पाहिजे.

म्हणून या व्यवहारातील धर्म दोघांत वाटून घ्यावयाचा आहे. जो दोष उघड दिसतो, फाटलेली गादी वा उडालेला रंग, तो पाहण्याचे काम घेणाऱ्याचे. त्याबद्दल मागाहून तक्रार करू नये. जो दोष लपलेला आहे पण विकणाऱ्यास ठाऊक आहे, तो सांगण्याचे ओझे विकणाऱ्यावर. गरज कितीही असो, ती भाव ठरविताना पुढे करावी, दुसऱ्याच्या मुलांचा जीव त्यासाठी पणास लावू नये. जो दोष दोघांसही ठाऊक नव्हता, तो निघाल्यास कोणी कोणास लबाड म्हणू नये. आणि सांगितलेल्या दोषाबद्दल दुरुस्तीच्या खर्चाइतकीच सूट मागावी, हे घेणाऱ्याचे व्रत असावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण अशा खरेदीपूर्वी देवळात प्रसाद लावतात, कौल घेतात. वाहन घरी आले की त्याची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवितात. या श्रद्धेस आमचा विरोध नाही. परंतु ज्या गोष्टी मिस्त्रीला विचारावयाच्या, त्या देवाला विचारू नयेत. जत्रेत रथ निघतो, त्यात प्रत्यक्ष देव बसावयाचा असतो. म्हणून कोणी त्याची चाके व आस तपासण्याचे सोडून देत नाही. देव बसणार म्हणूनच ती अधिक काळजीने तपासावयाची. मुले बसणार असतील तेथेही हीच वृत्ती हवी.

तेव्हा सतवासच्या त्या कुटुंबास आमचे सांगणे एवढेच. पहिल्याच दिवशी विसार देऊ नये. शक्य तर गाडी पावसानंतर पाहावी, घाटात चालवून पाहावी, ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. याज्ञवल्क्याने बैलाला दिलेले पाच दिवस या वाहनासही द्यावेत. नोंदणीपुस्तक, विमा व कर्जाचा बोजा स्वतः वाचून पाहावा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तेथील ना हरकत दाखला मागावा. आणि शेवटी विकणाऱ्यासमोर बसून शांतपणे म्हणावे, ‘भाऊसाहेब, हीत माझी मुले निजणार आहेत. आपल्याला ठाऊक असलेले काही राहिले असेल तर सांगा. आपण बोलला नाहीत, तर काही नाही असे मी धरून चालेन.’ हे वाक्य साक्षीदारासमक्ष बोलावे, लिहूनही घ्यावे. त्यात संशय नाही आणि अपमानही नाही. कायद्याचे तिसरे उदाहरण तेवढे आपल्या मदतीस येते. त्यावर त्या गृहस्थाने खरोखरच एखादा दोष सांगितला, तर तोंड वाकडे न करता आमच्या कोंकणी माणसाप्रमाणे ‘देव बरें करूं’ म्हणावे आणि रास्त तेवढीच सूट मागावी.

मुले वाढतील, आठ-दहा वर्षांनी ती गाडी त्यांस अपुरी पडेल. तेव्हा हेच दांपत्य विकणारे होईल, आणि दुसरे कोणी तरुण जोडपे, कडेवर मूल घेऊन, त्यांच्या दारात उभे राहील. गाडीचा कोणता कोपरा गळतो हे तेव्हा यांनाच ठाऊक असेल. ते त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आपल्या मुलांदेखत सांगितले, तर अधिक बरे.