तीन वर्षांचा मुक्काम

कॉलेजातल्या परंपरा ज्यांच्या नावानं चालतात, ती मुलं तिथे जेमतेम तीन वर्षं असतात. पहिलं वर्ष बुजण्यात जातं. दुसऱ्या वर्षी समूहनृत्यात मागच्या रांगेत जागा मिळते. तिसऱ्या वर्षी कुठे आवाज फुटतो, तोवर निरोपसमारंभ येऊन ठेपतो. गाण्याच्या घराण्यात एकेक शिष्य गुरूपाशी वर्षानुवर्षं राहतो. इथे बघता बघता अख्खा ताफा बदलतो. तरीही स्नेहसंमेलन होतं, शेलापागोटे वाटले जातात, सरांची नक्कल होते. हे सगळं पुढे नेतं कोण?

श्रीपूरकडे पाहताना हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. माळशिरस तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं ते साखरेमुळे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथेच उभा राहिला. या पट्ट्यातली कितीतरी मुलं पदवीसाठी अकलूजची, नाहीतर पंढरपूरची वाट धरतात. संमेलनाचे दिवस आणि गाळपाचे दिवस एकच. रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, आणि तालमीची वेळ ठरते ती शेवटच्या एसटीवरून. मुली घड्याळाकडे बघत गिरक्या घेतात. वर्गातली बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर सकाळचा अर्थशास्त्राचा आलेख तसाच, आणि त्याच्यापुढे कोणीतरी डोईवरचा पदर सावरत भारुडातली सासुरवाशीण उभी करतंय. पदराखालचा चेहरा बहुतेक वेळा एखाद्या मिसरूड फुटलेल्या मुलाचा असतो.

हे भारूड त्याला अभ्यासक्रमानं दिलेलं नाही. आषाढीला तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. अकलूजला सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण, पुढे माळीनगरला उभं रिंगण, मग बोरगावचा मुक्काम. शाळेच्या ज्या मैदानावर एरवी कवायत चालते तिथे अश्व धावतो, आणि मुलं ते लहानपणापासून पाहतात. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात बहुरूप्याची, जोशाची, सासुरवाशिणीची सोंगं घेऊन जे सांगितलं, ते या मुलांनी दिंडीच्या राहुट्यांतून ऐकलेलं असतं. ते कानात असतंच. कॉलेज फक्त त्याला चार फळ्यांचा रंगमंच देतं.

आणि तो रंगमंच देतात ती तिथे टिकून राहिलेली माणसं. कोणत्या वायरीवर किती दिवे पेलतील हे जाणणारा शिपाई. भजनी मंडळातला पखवाजवाला, ज्याला तालमीला चहावर बोलावलं तरी तो येतो. जिरेटोप आणि नऊवारी भाड्यानं देणारा ड्रेपरीवाला, ज्याला मापं विचारावी लागत नाहीत. माझ्या मते परंपरेचे खरे वारसदार हेच. मुलं येतात-जातात, त्यांना ‘कर, घाबरू नकोस’ म्हणणारी माणसं जागेवर असतात.

घाबरण्याचं कारणही खरं असतं. पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी उभा राहणारा विद्यार्थी अनोळखी परीक्षकांपुढे उभा राहतो. इथे समोर चुलता असतो, शेजारची काकू असते, बापाला उचल देणारा मुकादम असतो. लावणीवर ठेका धरणाऱ्या मुलीला उद्या याच गावात वावरायचं असतं. ज्या अकलूजनं लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरवल्या, त्या अकलूजच्या पंचक्रोशीतही आपल्या घरातली मुलगी मंचावर चढली की घरचे श्वास रोखून बसतात. म्हणून मंचावरच्या दहा मिनिटांचं मोल शहरातल्यापेक्षा इथे जास्त.

प्रेक्षकांचा हा धाक जुनाच आहे. नाट्यशास्त्राच्या आरंभी भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना नाट्य शिकवतात आणि इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला प्रयोग होतो. मला ते जगातलं पहिलं संमेलन वाटतं, कारण तिथेही प्रेक्षकांतल्या दैत्यांनी हुल्लड करून प्रयोग बंद पाडला होता. याच ग्रंथाच्या अखेरीस हेच पुत्र ऋषींची टर उडवणारं प्रहसन करतात, ऋषी कोपतात आणि नटांच्या कुळाला शाप देतात. कॉलेजातली नक्कल या शापाच्या अगदी उलट्या टोकाला आहे. ज्या सरांच्या चष्मा पुसण्याची, ‘काय समजलं?’ म्हणण्याची नक्कल होते, ते पहिल्या रांगेत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसतात. गुरूनं शिष्याला एवढी मुभा द्यावी, ही गोष्ट मला पदवीदानापेक्षा मोठी वाटते. दुसऱ्या दिवशी तेच सर हजेरी घेतात आणि तोच मुलगा ‘येस सर’ म्हणतो, तेव्हा दोघांमधलं काहीतरी कायमचं सैल झालेलं असतं.

2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि कोल्हापूरशी जोडलेली इथली कॉलेजं त्याच्याकडे आली. युवा महोत्सवाची स्पर्धा त्यामुळे जवळ आली. तिथलं गणित कडक: मूकनाट्य पाच मिनिटं, प्रहसन दहा, एकांकिका तीस. शिस्त लागते, हे मान्य. पण स्पर्धेला जातात मोजकीच मुलं. गॅदरिंगला बेसूर गाणाराही चढतो, आणि त्याच्यासाठीच ते असतं. सत्रपरीक्षांच्या रेट्यात हल्ली कित्येक ठिकाणी ते एका दुपारवर आलंय. मोबाइलवरचं गाणं लावायचं, चार नाच, बक्षीसवाटप, संपलं. भारुडाला पखवाज लागतो, तालीम लागते, म्हणून ते सर्वांत आधी गळतं. संमेलनाला पुरते दोन दिवस द्यावेत, आणि त्यांच्याआधी महिनाभर संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा. पखवाजवाले अजून गावात आहेत. त्यांना बोलावणं तेवढं जायला हवं.